दवाखान्यात मुलाला मध्ये घालू नका

प्रश्न : आम्ही साताऱ्याहून न्यू जर्सीला आलो. मला इंग्रजी जमत नाही. डॉक्टरांकडे माझा १२ वर्षांचा मुलगाच सगळं सांगतो. परवा माझ्या पाळीच्या त्रासाचं सांगताना तो गप्पच झाला. काय करू?
— एक आई, एडिसन

उत्तर : ताई, हे ओझं त्याच्या डोक्यावरून आधी उतरवा. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना २०१०च्या आरोग्य कायद्यानुसार दुभाषा फुकट द्यावा लागतो. तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांना या कामाला लावता येत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा, फोनवरूनही चालतो. सांगण्यात औषधाचं प्रमाण चुकलं, तर ते लेकराच्या मनाला लागेल, मला त्याचीच काळजी वाटते. घरी मात्र त्याच्याशी मराठीतच बोला. शाळेतल्या गमती अडखळत का होईना, सांगू द्या. मध्येच चूक काढू नका.