थ्रीडी प्रिंट केलेल्या डन्जन टाइल्स एकेकट्या छान दिसतात, पण टेबलावर जोडल्या की गोधडी वाटते. रंगवताना काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की ६० डन्जन टाइल्स (जोडून तळघराच्या खोल्या आणि बोळ मांडायचे तुकडे) छापल्या, त्यातल्या रोज रात्री चार-पाच अशा २० रंगवून झाल्या आणि डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावरच्या खेळाच्या डावाला मांडल्यावर प्रत्येक खोली वेगळ्या गावची दिसायला लागली. तुमचा हात बिघडलेला नाही. घोळ त्या ‘रोज रात्री चार-पाच’मध्ये आहे. माझा पहिला संच मी असाच रंगवला होता. सोमवारचा राखाडी निळसर, गुरुवारचा मातकट, आणि रविवारी उत्साहाच्या भरात केलेला जवळजवळ पांढरा.

मिनिएचर (खेळातल्या पात्राचा छोटा पुतळा) रंगवणं हे चित्रकाराचं काम, टाइल्स रंगवणं गवंड्याचं. टाइलला आपला शेजारी कोण असेल आणि आपली कुठली बाजू दाराकडे येईल हे माहीत नसतं. त्यामुळे एकाच टाइलवर केलेली करामत (कोपऱ्यात मशालीचा नारिंगी उजेड, एका बाजूने पडलेली सावली) टाइल फिरवली की खोटी पडते. उजेड दाखवायचाच असेल तर मशालीचा तुकडा सुटा करा आणि जिथे लागेल तिथे ठेवा.

रंग एकदाच आणि एकत्र कालवा. हॉबीच्या १७ मिलीच्या बाटल्या यासाठी नकोतच. हार्डवेअरच्या दुकानातून घरातल्या भिंतींना लावतात तो मॅट इमल्शन एक लिटर आणा. मशीनवर गडद राखाडी शेड बनवून घ्या आणि तिचा कोड झाकणावर लिहून ठेवा. माझे दोन संच झाले, तरी डबा अजून अर्धा आहे. शेड निवडताना नुसता काळा-पांढरा मिसळल्यासारखा राखाडी घेऊ नका, तो निळसर आणि मेलेला दिसतो. किंचित तपकिरी झाक हवी. एखाद्या गडावर गेलात तर तटाचा दगड नीट बघा. आपण ज्याला काळा दगड म्हणतो त्यात काळा रंग फारसा नसतोच. याच डब्यातल्या थोड्या रंगात पांढरा घालून मधली आणि फिकी अशा दोन छटा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत करून ठेवायच्या, आणि किती वाट्यांना किती वाट्या घातला तेही झाकणावर लिहायचं. सहा महिन्यांनी आणखी १० टाइल्स छापाल तेव्हा ते झाकणच कामाला येईल.

मग सगळ्या टाइल्स वर्तमानपत्रावर पसरा आणि एकेक थर सगळ्यांवर एका बैठकीत द्या. आधी गडद बेसकोट, म्हणजे तळाचा थर. तो वाळला की वॉश, म्हणजे फटींत उतरणारा पातळ रंग: काळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), भरपूर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब विसरू नका. त्याच्याशिवाय पाणी सपाट फरशीवर थेंबाथेंबाने साचतं आणि वाळताना चहाच्या कपाखाली उमटते तशी कड सोडतं. मिनिटभराने वरचा भाग फडक्याने टिपून घ्या, रंग फटींत राहू द्या.

त्यानंतर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग. महागडा ब्रश वाया घालवू नका, भिंतीचा दीड इंची ब्रश पुरतो. रंगात बुडवून फडक्यावर इतका पुसायचा की आता यात काही उरलंच नाही असं वाटावं. पण बहुतेक जण सवयीने एकाच दिशेने हात फिरवतात. तसं केलं की प्रत्येक दगडाची एकच कड उजळते, आणि टाइल ९० अंशांत फिरवली की ती शेजारणीशी भांडते. चारही दिशांनी फिरवा. तुमच्या टाइल्स पीएलएच्या (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) असतील, तर ड्रायब्रशने प्रिंटरच्या थरांच्या रेघाही उठून दिसतात. भिंतींवर त्याऐवजी फाडलेल्या स्पंजाने ठिपके देत जा.

फिका थर हातचं राखून द्या. फरशी मिनिएचरपेक्षा मंदच हवी, नाहीतर तुमच्या चोराचा पुतळा त्या दगडांतच हरवेल.

सगळं एकसारखं केलं की कंटाळवाणं होतं, हेही खरं. मी प्रत्येक टाइलसाठी एक साधा फासा टाकतो. १ पडला तर शेवाळ, २ पडला तर दोन-तीन दगड तपकिरी, बाकी काही नाही. शेवाळ टाइलच्या कडेपर्यंत न्यायचं नाही. शेजारच्या टाइलवर ते अचानक सुरीने कापल्यासारखं थांबतं आणि सगळं सोंग उघडं पडतं. ओल आणि गंज दाखवायला मी फटींत गेरूची पूड चोळतो. दिवाळीच्या किल्ल्याला गेरू लावायचो, तेव्हाची सवय. (हळीव मात्र इथे पेरू नका.)

जोडाच्या बाजूंना आणि क्लिपच्या खाचांना रंग लावू नका. दोन्ही बाजूंना एकेक थर चढला की क्लिप बसत नाही आणि लांब बोळ हळूहळू वाकडा होतो. वरच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर काळा फिरवला, की फटीतून पांढरं प्लास्टिक डोकावत नाही. उरलेलं काही छापायचं असेल तर राखाडी फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) घ्या, हा त्रासच संपेल.

व्हार्निश पाण्यातलं, मॅट, ब्रशने. जुलैत बाल्कनीत उभं राहून मी स्प्रे मारला होता, दमट हवेमुळे अख्ख्या तळघरावर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. डब्यात ठेवताना टाइल्समध्ये बटर पेपर घाला, कारण इमल्शन उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतं. मे महिन्यात डबा गाडीतही ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि टाइल्स पापडासारख्या वाकतात.

आधी रंगवलेल्या २० खरवडत बसू नका. उरलेल्या ४० चा बेसकोट झाला की सगळ्या साठांवर एकच वॉश आणि त्यावर मधल्या छटेचा एकच ड्रायब्रश द्या. बऱ्याचशा जुळून येतील. त्यातूनही ज्या हट्टी निघतील त्या डन्जनच्या तोंडाशी लावा, तिथे बाहेरचा उजेड येतो म्हणून सांगायचं.