गाडीचा अलार्म रात्री विनाकारण वाजतो; संपूर्ण किट बदलावे का?

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: गाडी जुनी हॅचबॅक आहे, ती सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तिला कंपनीचा नव्हे, तर बाहेरून बसवून घेतलेला सिक्युरिटी अलार्म आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून तो रात्री अधूनमधून वाजतो, कधी नुसते तीन-चार बीप, तर कधी पूर्ण सायरन. बॅटरी नवी घातली तरी फरक पडलेला नाही आणि आता गॅरेजमध्ये संपूर्ण किट बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि माझे मत असे की किट अजून बदलू नका. अलार्मला खोटी वर्दी नेमकी कोणती वायर देते हे आधी शोधा. ते न शोधता नवे किट बसवले, तर ते त्याच जुन्या स्विचांना आणि त्याच जुन्या जोडांना जोडले जाईल, आणि नवे युनिटही तसेच वाजू लागेल.

अलार्मचे मुख्य युनिट, म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा डबा, स्वतःहून काही ठरवत नाही. चार दरवाजे, डिकी, बॉनेट, शॉक सेन्सर आणि इग्निशन यांच्याकडून येणाऱ्या मोजक्या वायरींवर ते लक्ष ठेवून असते. यांपैकी एखाद्या वायरीवर ‘काहीतरी उघडले’ किंवा ‘धक्का बसला’ अशी खूण दिसली की ते सायरन सुरू करते. माझ्या अनुभवात हे युनिट स्वतः बिघडलेले क्वचित आढळते. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत येणारी खूण खोटी असते. म्हणून ‘अलार्म खराब झाला’ असे न म्हणता ‘अलार्मला कोण उठवते’ असे विचारले की शोध सोपा होतो.

सर्वांत आधी एक साधे निरीक्षण करा. पुढच्या वेळी अलार्म वाजेल तेव्हा खिडकीतून गाडीकडे पाहा, किंवा शक्य असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. सायरनबरोबर चारही इंडिकेटर उघडझाप करत असतील, तर युनिटला खरोखरच कुठून तरी वर्दी मिळाली आहे. मात्र सायरन वाजतो आणि इंडिकेटर शांत आहेत असे दिसले, तर युनिटचा संबंध नाही. दोष सायरनमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी रिचार्जेबल बॅटरी असते, जेणेकरून चोराने गाडीची बॅटरी तोडली तरी सायरन वाजत राहावा. ही आतली बॅटरी काही वर्षांनी मरते किंवा तिच्यातले रसायन गळून आतले सर्किट खराब होते, आणि मग असा सायरन वेळीअवेळी स्वतःच ओरडू लागतो. अशा सायरनच्या अंगावर किल्लीने बंद करण्याची सोय असते, तिच्यावरून तो ओळखता येतो. सायरनचे तोंड वरच्या बाजूला करून बसवले असेल, तर पावसाचे पाणी आत साचूनही तो बिघडतो. तोंड नेहमी खाली किंवा तिरके असायला हवे.

इंडिकेटर लागत असतील तर पुढचा प्रश्न, नुसते बीप की पूर्ण सायरन, हा आहे, आणि तुम्ही हा फरक प्रश्नात नोंदवलात हे फार उपयोगाचे झाले. बाहेरून बसवलेल्या बहुतेक किटांतला शॉक सेन्सर दोन टप्प्यांचा असतो. हलका धक्का जाणवला तर तो इशाऱ्यादाखल चार-पाच बीप देतो आणि जोराचा धक्का बसला तर पूर्ण सायरन सुरू करतो. दरवाजा, डिकी किंवा बॉनेट उघडल्याची खूण मिळाली, तर मात्र इशाऱ्याचा टप्पा नसतो, थेट सायरनच सुरू होतो. त्यामुळे तुमचे तीन-चार बीप बहुधा शॉक सेन्सरचे आहेत, आणि पूर्ण सायरन त्याच सेन्सरचा किंवा एखाद्या स्विचचा. म्हणजे दोष एक नसून दोन असण्याची शक्यता आहे. एक दुरुस्त केल्यावरही अलार्म वाजला म्हणून ती दुरुस्ती चुकली असे समजू नका.

शॉक सेन्सर ही काडेपेटीएवढी डबी असते आणि ती बहुधा स्टीअरिंगखालच्या वायरींच्या जुडग्यात किंवा एखाद्या पट्टीला बांधलेली असते. तिच्यावर छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवण्याचा एक स्क्रू असतो. त्याने संवेदनशीलता कमी-जास्त होते. बसवणारे लोक ग्राहकाला दाखवण्यासाठी ती अनेकदा जास्तीत जास्त ठेवतात, आणि मग जवळून गेलेला ट्रक, टपावर पडणारे टपोरे थेंब, झाडावरून पडलेली फांदी, गणपतीतला ढोल किंवा दिवाळीतला सुतळी बॉम्ब, यांतले काहीही पुरते. तपासणी अशी करा: चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली घ्या, सर्व दरवाजे बंद करून रिमोटने गाडी लॉक करा आणि अलार्म पूर्ण सज्ज होण्यासाठी मिनिटभर थांबा. मग तळहाताने टपावर, खांबावर आणि दरवाजावर आधी हलके, नंतर जरा जोरात थोपटा. हलक्या थापेला बीप आणि जोराच्या थापेला सायरन, हे योग्य. बोट टेकवताच सायरन, हे अयोग्य. स्क्रू एका वेळी थोडासाच फिरवावा, कारण शेवटच्या टोकाला जोर दिला तर तो तुटतो. डबी सैल लटकत असेल तर स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नाही. ती आधी घट्ट बांधून घ्या.

स्क्रू फिरवून खात्री होत नसेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे सेन्सरचा प्लग काही रात्री काढून ठेवणे. बाकीचा अलार्म त्याच्याशिवायही चालतो. त्या रात्रींत बीप थांबले आणि सायरनही थांबला, तर दोष सापडला. बीप थांबले पण सायरन सुरू राहिला, तर आता स्विचांकडे वळायचे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा, हा नियम या कामात मी फार महत्त्वाचा मानतो, कारण दोन गोष्टी एकदम काढल्या तर कोणत्या गोष्टीमुळे फरक पडला ते कळत नाही.

पावसाळ्यातच त्रास सुरू झाला असे तुम्ही म्हणता, त्यामुळे स्विचांमध्ये माझा पहिला संशय बॉनेटच्या पिन स्विचवर आहे. बॉनेट उचलल्यावर कडेला स्प्रिंगवर वर-खाली होणारी एक पिन दिसेल. बॉनेट बंद असताना ती दाबलेली राहते आणि सर्किट तुटलेले असते. बॉनेट उघडताच ती वर येते, तिची वायर गाडीच्या बॉडीशी म्हणजे अर्थिंगशी जोडली जाते आणि युनिटला खूण मिळते. ही जागा पाण्याची, चिखलाची आणि इंजिनाच्या उष्णतेची आहे. रबरी टोपी फाटली की पिन गंजते आणि तिच्या तळाशी ओला मळ साचतो. या ओलाव्यातून थोडासा प्रवाह अर्थिंगकडे झिरपतो, वायरीवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो, आणि युनिटला वाटते की बॉनेट उघडले. दिवसा इंजिन तापून मळ सुकतो म्हणून दोष दिसत नाही. रात्री गारवा आणि दमटपणा वाढला की तो पुन्हा प्रकट होतो. ‘गॅरेजमध्ये गाडी नेली की अलार्म मुकाट्याने नीट चालतो’ ही अनेकांची तक्रार असते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा किनारी भागांत खारट हवेमुळे ही पिन आणखी लवकर जाते.

पिन तपासण्यासाठी तिची वायर सोडवून मल्टिमीटर रोध (रेझिस्टन्स) मोजण्यावर लावा आणि पिन हाताने दाबून धरा. दाबलेल्या स्थितीत मीटरने अनंत रोध दाखवायला हवा. त्याऐवजी काही किलोओहमचा आकडा दिसला, तर ओलाव्यातून गळती आहे. पिन पूर्ण दाबली जाते का हेही पाहा: बॉनेटचे रबरी ठोकळे झिजले किंवा पिनची उंची चुकली, तर ती काठावर राहते आणि बॉनेट वाऱ्याने किंचित हलले तरी खूण जाते. मीटर नसेल तर ही एकच वायर काढून तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि काही रात्री वाट पाहा. बहुतेक किटांत तुटलेली वायर युनिटला बंद बॉनेटसारखीच दिसते. सायरन थांबला तर नवी पिन घाला. ती अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे.

दरवाजांसाठी गाडीतला दिवाच उत्तम साधन आहे. टपातल्या दिव्याचा खटका ‘डोअर’ या स्थितीत ठेवा, आत बसून सर्व दरवाजे बंद करा आणि दिवा विझल्यावर प्रत्येक दरवाजा आतून ढकलून, हलवून पाहा. दिवा क्षणभरही लुकलुकला, तर त्या दरवाजाचा स्विच सैल किंवा गंजलेला आहे. काही गाड्यांत हा स्विच खांबावर दिसतो, तर काहींत तो लॉकच्या आतच असतो. आतल्या स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा अनेकदा पुरतो. हॅचबॅकमध्ये डिकीकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथल्या वायरी बिजागराजवळच्या रबरी नळीतून जातात आणि हजारो वेळा वाकून वाकून आतल्या आत तुटतात किंवा त्यांचे वेष्टन फाटून त्या बॉडीला टेकतात. नळी सरकवून वायरी उघड्या करून पाहिल्याशिवाय हा दोष दिसत नाही.

बॅटरी नवी घातल्याने विषय संपला असे समजू नका. नवी बॅटरी सैल किंवा पांढरट-हिरवट थर चढलेल्या टर्मिनलवर बसवली असेल, तर युनिटला मिळणारा दाब खाली-वर होतो आणि काही युनिटे त्यालाच चोरीची खूण समजतात. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने आणि ब्रशने साफ करून घट्ट करा; सोडवताना ऋण टर्मिनल आधी आणि जोडताना ते शेवटी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब हवा; १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरलेली, आणि १२ च्या खाली गेली तर काळजी करावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. चार्जिंग ठीक असूनही सकाळी दाब कमी दिसत असेल, तर रात्री कोणीतरी प्रवाह खात आहे. बंद गाडीचा प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो ५०० असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दीड दिवसात अर्धी होते. हे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या, कारण मीटर जोडलेला असताना चुकून स्टार्टर मारला तर मीटर जळतो.

पावसाळ्यात उंदीर आणि घुशी कोरड्या, उबदार जागेच्या शोधात इंजिनाच्या कप्प्यात शिरतात, म्हणून कुरतडलेल्या वायरी आणि लेंड्याही शोधा. रिमोटचे बटण खिशात किंवा पर्समध्ये दाबले जाणे हेही कारण असू शकते; सुटे रिमोट एका रात्रीसाठी सेल काढून ठेवले की त्याचा निकाल लागतो. शिवाय अनेक किटांत रिमोटने उघडलेली गाडी अर्ध्या मिनिटात कोणी दार उघडले नाही, तर पुन्हा आपोआप लॉक होते आणि एक बीप देते. तो दोष नव्हे.

शोध चालू असेपर्यंत शेजाऱ्यांची झोप मोडू नये, हीही आपली जबाबदारी आहे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सायरन जवळून १०० च्या वर जातो. बहुतेक किटांना अलार्म तात्पुरता निलंबित करणारे व्हॅले बटण असते. ते सापडत नसेल तर गाडी रिमोटने लॉक न करता किल्लीने लॉक करा, म्हणजे बहुतेक किटांत अलार्म सज्जच होत नाही. मात्र काही किटे इग्निशन बंद केल्यावर आपोआप सज्ज होतात. तुमचे तसे असेल, तर व्हॅले बटणाशिवाय इलाज नाही.

वरील सर्व तपासूनही दोष सापडला नाही, किंवा डॅशबोर्डखाली वायरी नुसत्या पिळून टेपने गुंडाळलेल्या आढळल्या, तर जुने किट पूर्ण काढून टाकावे, असे मी सुचवेन. तुमच्या गाडीच्या किल्लीत चिप असेल, तर अलार्मचे किट काढल्यावरही कंपनीचा इमोबिलायझर, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय, संरक्षण करतोच. विम्याच्या हप्त्यात या अलार्मसाठी सवलत घेतली असेल, तर विमा कंपनीला आधी कळवा. काढताना सायरनची वायर कापून काम संपले असे कोणालाही करू देऊ नका: अनेक किटांनी इग्निशनची किंवा स्टार्टरची मूळ वायर कापून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घातलेला असतो, आणि तो रिले तसाच राहिला तर एखाद्या दिवशी गाडी रस्त्यातच बंद पडेल. ती मूळ वायर डाग देऊन (सोल्डर करून), वर हीट-श्रिंक नळी चढवून पूर्ववत जोडली आहे हे स्वतः पाहा, आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना कोणीही हात लावणार नाही याची खात्री करा, कारण त्या एअरबॅगच्या असतात.