"पप्पा ड्युटीवर आहेत" असं किती दिवस सांगायचं?

मागच्या आठवड्यात कोरेगावकडच्या एका मुलीचा फोन आला. नवरा सैन्यात होता, गेला, पोरगी साडेतीन वर्षाची. सगळं घर पोरीला सांगतंय पप्पा ड्युटीवर आहेत, मोठी झाली की सांगू, आत्ताच कशाला कोवळ्या जीवाला. आणि पोरगी रोज विचारते सुट्टी कधी मिळणार. "मॅडम, मी चुकतेय का तेवढं सांगा." मी समुपदेशनाचं काम करते, हा प्रश्न मला कायम येतो, अपघातात गेलेल्यांच्या घरातनं येतो, कोविडमधे तर खूप आला, पण सैनिकाच्या घरात हे खोटं फार सहज खपतं कारण माणूस तसाही वर्षातले दहा महिने घरी नसतोच.

तिला जी केस सांगितली तीच इथं लिहिते. कारगिलच्या वर्षातली, १९९९ ची. नावं, गाव आणि काही खुणा बदलल्यात.

तेव्हा साताऱ्यात समुपदेशन म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागायचं, मी एका डॉक्टर मैत्रिणीच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचे. दिवाळी झाल्यावर एक कुटुंब आलं, आजी, आबा, चोवीस वर्षाची सून आणि तिचा पाच वर्षाचा पोरगा. त्याला बाळू म्हणूया. तक्रार दोन गोष्टींची, रात्री अंथरूण ओलं करतो आणि काकाला घराबाहेर पडू देत नाही. काका एसटीत ड्रायव्हर. सकाळी तो डेपोला निघाला की हा पायाला मिठी मारून असा काही ओरडायचा की शेजारचे बाहेर यायचे. आजीच्या मते नजर लागली होती, अंगारा धुपारा करून झाला होता, मी त्यावर काही बोलले नाही, माझ्याकडं येणारे निम्मे लोक आधी तिकडं जाऊनच येतात.

बाप जूनमधे कारगिलच्या लढाईत, द्रासच्या बाजूला मारला गेला होता. वय सत्तावीस.

मी सुनेला विचारलं कसे होते ओ ते, तर ती आधी गप्प बसली आणि मग म्हणाली, गेल्यापासून सगळे कसा गेला तेच विचारतात, कसा होता हे तुम्ही पहिल्यांदा विचारलं. मग तासभर बोलत होती. बारावीत नापास झाला आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागला, भरतीच्या सोळाशे मीटरसाठी, दोनदा नापास, तिसऱ्यांदा घेतलं. बेळगावच्या ट्रेनिंगमधनं पहिल्यांदा आला तेव्हा आईनं ओळखलंच नाही. सुट्टीवर आला की बॅग टाकून आधी म्हशी धुवायला जायचा. आबांना कँटीनची रम आणायचा आणि आईला सांगायचा औषध आहे. बाळूला सायकलच्या दांडीवर बसवून फाट्यापर्यंत न्यायचा, तिथं दोघं मिळून एक वडापाव खायचे, घरी सांगायचं नाही अशी बोली. हे सांगताना ती हसली पण आणि लगेच पदर तोंडाला लावला.

पहिल्या भेटीत मला हे कळलंच नव्हतं की पोराला काही सांगितलेलं नाही. कळल्यावर पण मी काय म्हणाले, तर थोडे दिवस जाऊ द्या. आज कुणी शिकाऊ पोरीनं असं सांगितलं तर मी रागवेन तिला.

तिसऱ्या भेटीला बाळू गाड्या खेळत होता, मी सहज विचारलं पप्पा काय करतात रे. वर न बघता म्हणाला, "आधी लान्स नाईक होते, मग नाईक झाले, आता शहीद झालेत."

दोन मिनिटं मला काही सुचलं नाही. बाप नाईक झाला तेव्हा घरी पेढे वाटले होते. आणि आता तर फाट्यावर मोठा बोर्ड लागलाय, त्यावर पप्पांचा फोटो, लोक घरी येऊन फोटोला हार घालतायत, साहेब लोक गाडीतनं येतायत. म्हणजे हे प्रमोशन नाईकपेक्षा मोठंच असणार. त्याचं गणित बरोबर होतं ओ, आपणच त्याला शब्द चुकीचा दिला होता. (खरं तर सैन्याच्या कागदावर शहीद हा शब्द नसतोच, तिथं बॅटल कॅज्युअल्टी लिहितात. शहीद हा आपला, गावाचा शब्द.)

मग विचारलं, मग पप्पा येणार कधी? तेव्हा त्यानं गाडी ठेवली. "ड्युटी संपली की. पण ती संपतच नाही."

तिथं मला काकाचं कोडं सुटलं. काका रोज सकाळी बॅग उचलून काय म्हणायचा, "चला, ड्युटीला जातो." त्या घरात ड्युटीला गेलेला माणूस परत येत नव्हता. पोरगं सांगत होतं ते सगळ्यांना ऐकू जात होतं, आणि नजर काढत होते.

हे खोटं सुरू कसं झालं ते पण सांगते, कारण कुणी मुद्दाम ठरवून करत नाही. शवपेटी गावात आली त्या दिवशी बाळूला मामाच्या गावाला ठेवलं होतं. तेराव्यानंतर आणलं, तेव्हा सांगायचं असं ठरलं पण होतं. आणि दोनच दिवसांनी पोस्टमननं निळं आंतरदेशीय आणून दिलं, मागं ५६ एपीओचा, म्हणजे सैन्याच्या पोस्टाचा पत्ता. जायच्या आधी टाकलेलं पत्र. त्या उन्हाळ्यात कितीतरी घरात असं झालं, माणूस आधी आला आणि त्याचं पत्र मागनं आलं. त्यात लिहिलं होतं, इथं बर्फ आहे, थंडी खूप आहे, बाळूला सांगा येताना गाडी आणतो. बाळू शेजारी उभा. आजीनं वाचून घेतलं आणि तिच्या तोंडातनं निघून गेलं, "बघ, पप्पाचं पत्र आलं, ड्युटीवर हाय." झालं. नंतर ते मागं घ्यायची हिंमत कुणाला होईना.

पण असं खोटं टिकवायचं तर पोरानं डोळे मिटून जगायला पाहिजे. आईच्या कपाळाला टिकली नाही, हातात बांगड्या नाहीत, तो तिला रोज विचारायचा टिकली हरवली का आणि एकदा शेजारणीच्या आरशावरची काढून घेऊन आला. (२०२२ मधे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं या प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा मला पहिल्यांदा ती टिकलीच आठवली.) पेन्शनच्या कागदांसाठी ती ऑफिसात जायची तेव्हा हा मांडीवर असायचा आणि समोरचा माणूस मोठ्यानं विचारायचा, मयताचं नाव?

मी घरच्यांना म्हटलं सांगावं लागेल. आजी उठून उभीच राहिली, म्हणाली तुम्हाला लेकरं हायत का. सून खाली बघत बसलेली. तेव्हा आबा, जे तीन भेटीत एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ एकाहत्तरला गेला. तार आली, मागनं ट्रंक आली, मढं काय आलं न्हाई. तवा आणत नव्हते. माझी आय म्हनायची, बघितलंय का कुणी? पंधरा वरीस शेवटच्या एसटीला फाट्यावर जायची ओ. आता ह्या पोराला पण बसवायचं का फाट्यावर?"

नंतर आजी काही बोलली नाही.

आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. म्हणजे चार पिढ्या आपल्याकडं अशा बातम्या येतायत, आणि घरातल्या लहान पोराला नेमकं काय सांगायचं हे प्रत्येक घराला नव्यानं शोधावं लागतं याचं मला नवल वाटतं.

सांगितलं आबांनीच. मी फक्त शब्द ठरवून दिले होते. झोपला म्हणायचं नाही, मग पोरं झोपायला घाबरतात. देवाघरी गेला नको, लगेच मला पण न्या म्हणतात. तारा झाला पण नको. "मेला" म्हणायचं, कितीही जड गेलं तरी. आबा त्याला सकाळी चितेच्या जागेवर घेऊन गेले, म्हणाले तुझा बाप लढाईत गोळी लागून मेला, त्याचं अंग चालायचं बंद झालं, श्वास न्हाई, भूक न्हाई, परत येणार न्हाई. हितं आम्ही त्याला जाळला, राख माहुलीला संगमावर सोडली. आणि मग म्हातारा स्वतःच रडायला लागला.

बाळूनं खूप वेळानं विचारलं, "मग पप्पाला आता थंडी वाजत नाही?"

आबा म्हणाले, न्हाई.

पत्र ऐकल्यापासून पाच महिने हे पोरगं बापाला बर्फात उभं धरून बसलं होतं.

त्या दिवशी तो थोडा वेळ रडला आणि मग गोट्या खेळायला गेला, आजीला ते फार लागलं, बापाचं काहीच नाही म्हणाली. लहान पोरं अशीच दुःख करतात, डबक्यात पाय घालावा आणि बाहेर काढावा तसं. दुसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं पप्पा कधी येणार, आणि पुढं महिनाभर विचारत राहिला. त्या वयाला मेलेलं माणूस कायमचं जातं हे एकदा ऐकून पटत नाही, पाच ते सातच्या दरम्यान हळूहळू बसतं ते, तोवर प्रत्येक वेळी तेच उत्तर त्याच शब्दात द्यायचं, कंटाळा न करता. अंथरूण ओलं व्हायचं थांबायला शिमगा उजाडला. काकाचं मात्र लवकर सुटलं. काकानं ड्युटी म्हणणं सोडलं, "कोरेगावच्या दोन फेऱ्या मारून येतो" म्हणायला लागला, आणि बाळू संध्याकाळी दारात बसून विचारायचा, दोन मारल्या का.

कोरेगावच्या मुलीला म्हटलं, उद्याच सांग असं नाही, पण ड्युटी हा शब्द आजपासून बंद. सांगशील तेव्हा ज्याच्या मांडीवर ती निवांत बसते ते माणूस जवळ असू दे, तुला रडू आलं तर येऊ दे, तिला पण कळू दे की आईला पण पप्पांची आठवण येते. ती म्हणाली, मॅडम तिनं काही भलतंच विचारलं तर? म्हटलं, विचारेल. ते लिहून ठेव आणि मला फोन कर.