आईचीच किडनी, तरी गोळ्या का बंद होत नाहीत?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला आईची किडनी बसवून दीड वर्ष झालं. क्रिएटिनिन (किडनी किती नीट काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) छान आहे, कामावर पण जातो. आता शेजारचे काका म्हणतात शरीराने किडनी स्वीकारली, गोळ्या हळूहळू बंद करा आणि इम्युनिटीसाठी गुळवेलीचा काढा सुरू करा. आईचंच रक्त ना, मग रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, कशाला होईल?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : काकांना नमस्कार सांगा, पण काढा आणि सल्ला दोन्ही त्यांच्याकडेच राहू द्या.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रथिनं असतात, अंगावर गोंदण असावं तशी, आणि ती निम्मी आईकडून येतात, निम्मी वडिलांकडून. म्हणजे आईची किडनी भावाशी साधारण निम्मीच जुळते, उरलेलं निम्मं त्याच्या शरीराला परकंच, आणि टी-पेशी, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, बरोबर तेच हेरतात. एकदा हेरलं की त्या इंटरल्युकिन-२ नावाचं निरोप्या प्रथिन सोडतात, त्याने त्यांची फौज वाढते, मग बी-पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अँटीबॉडी, म्हणजे परक्यावर चिकटणारी प्रथिनं, बनवायला लागतात आणि त्या किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि एकसारखी जुळी असतील तरच प्रश्न मिटला, १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते म्हणूनच जुळ्या भावांमध्ये. (नवऱ्याने बायकोला किडनी द्यायची तर अजून एक भानगड, बाळंतपणांत तिच्या रक्तात नवऱ्याच्याच एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात, क्रॉसमॅच, म्हणजे अशा अँटीबॉडी आहेत का ते दोघांचं रक्त जुळवून पाहणं, केल्याशिवाय पुढे जात नाहीत ते यासाठी.)

तर शरीराने किडनी ‘स्वीकारलेली’ नाहीये, गोळ्यांनी टी-पेशींना धरून ठेवलंय. बहुतेकांना टॅक्रोलिमस असते, ती इंटरल्युकिन-२ तयार होण्याचा रस्ताच अडवते. ती थांबली की टी-पेशी मोकळ्या, मग दीड वर्ष झालेलं असो नाहीतर दहा. आणि रिजेक्शन सुरू झालं तरी कित्येकदा दुखत नाही, ताप येत नाही, नुसतं क्रिएटिनिन वर सरकतं, म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर अजिबात जाऊ नका. गुळवेल तर इम्युनिटीला चेव आणते म्हणूनच घेतात लोक, म्हणजे इथे उलटाच कारभार, शिवाय तिने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आपल्याकडे नोंदल्या गेल्यात.

रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी आधी रक्त, मग गोळी. बरेच जण गोळी घेऊन लॅबमध्ये जातात आणि लेव्हल उगाच जास्त दिसते. रोजच्या दोन वेळा बारा-बारा तासांच्या ठेवा, लग्नकार्य असलं तरी.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीये पण नाशिककर आहात म्हणून सांगतो, द्राक्षं नीट धुऊन खाऊ द्या, शुगर वाढलेली नसेल तर (टॅक्रोलिमसच काहींची शुगर वाढवते), पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र नको, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते.