भात-पोळी कमी करायची, पण उसळी पचत नाहीत आणि दूध सोसत नाही. मग खायचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: वय ४६, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेच्या सरासरीची तपासणी) ६.१, डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला सांगितली. त्याजागी मटकी-चवळीच्या उसळी वाढवल्या तर पोट तट्ट फुगतं. दूध प्यायलं की संडासला पळावं लागतं. घरात अंडं येत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, शिवाय महिन्याच्या दोन्ही एकादश्या. आणि शेवटी, ‘मी खाऊ तरी काय?’

मी डॉक्टर नाही. पण मला आयबीएस (पोटदुखी, गॅस, जुलाब असा त्रास देणारा आतड्याचा विकार) आहे, साखर काठावरची आहे आणि मीही अंडं न खाणारी शाकाहारी आहे. आहारतज्ज्ञांचा हात धरून हीच वाट चालत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्यापुढे साखरेचं आणि पोटाचं अशी दोन पथ्यं आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात, हे आधी लक्षात घ्या. साखरेचं पथ्य म्हणतं भात, बटाटा कमी करा. राजमा, छोले, उसळी, दूध, फ्लॉवर, मशरूम वाढवा. पोटाचं पथ्य याच्या जवळजवळ उलटं. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने आयबीएससाठी फोडमॅप नावाची आहारपद्धती विकसित केली. लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबणारी कर्बोदकं, असा त्याचा साधा अर्थ. ती पाणी ओढून घेतात आणि गॅस करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, फ्लॉवर, मशरूम, आंबा, सफरचंद, मध हे सगळं त्या यादीत आहे. आणि पोटाला सोसणारं काय? तांदूळ, बटाटा, ज्वारी, नाचणी! म्हणजे एका डॉक्टरांनी काढून घेतलेलं दुसरे परत ताटात वाढतात. अशा वेळी माणूस गोंधळणारच.

माझं स्पष्ट मत: दोन्ही एकदम सुरू करू नका. आधी काही आठवडे पोट शांत करा, मग कर्बोदकांवर या. ६.१ हा आकडा मधुमेहपूर्व टप्प्यातला आहे (५.७ ते ६.४), आणि तो साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तुमच्या हातात तेवढा वेळ आहे. पोट बिघडलेलं असताना भात तोडला की माणूस चार दिवसांत कंटाळतो आणि पुन्हा चहा-बिस्किटांवर येतो.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली गोळी. तुम्ही औषधाचं नाव लिहिलेलं नाही, पण या टप्प्यावर बऱ्याच जणांना मेटफॉर्मिन दिलेलं असतं. त्याने पोट बिघडू शकतं, जुलाब होऊ शकतात. सावकाश विरघळणारी गोळी अनेकांना जास्त मानवते. काही गोळ्यांत मेटफॉर्मिनच्या जोडीला व्होग्लिबोज असतं. त्याचं कामच कर्बोदकांचं पचन लांबवणं, त्यामुळे गॅस होणं साहजिक आहे. तुमचा त्रास गोळीनंतर सुरू झाला की आधीपासूनचा, हे डॉक्टरांना नक्की सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणीही मागून घ्या. गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदकं कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातल्या (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्यांसोबत कडक कीटो (कर्बोदकं जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार) तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट गव्हाची. गहू बंद करण्याच्या आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केलेली तपासणी फसवी येऊ शकते. वजन आपोआप घटतंय, शौचात रक्त दिसतंय, हिमोग्लोबिन कमी आहे किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, यातलं काहीही असेल तर पथ्याचं नंतर पाहू, आधी पोटाच्या तज्ज्ञांना गाठा.

आता स्वयंपाकघर. फोडमॅपचा कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. त्यानंतर एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून बघायचा: तीन दिवस फक्त कांदा, मग मधे थोडा विसावा, मग तीन दिवस फक्त गहू. कायम एवढं कडक राहिलात तर आतड्यातले चांगले जिवाणूही उपाशी मरतात. या चाचणीतून तुमचा नेमका शत्रू सापडतो. मला गहू बेताने चालतो, कांदा मात्र मुळीच नाही. तुमचं वेगळं असेल. म्हणून माझी यादी जशीच्या तशी उचलू नका.

चातुर्मासाबद्दल तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय, मला ती सोयच वाटते. कांदेनवमी झाली की घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कडक टप्प्याचे आठवडे तेव्हाच उरकून घ्या. एरवी लसणाची चव हवी असेल तर तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. पोटाला त्रास देणारा भाग तेलात विरघळत नाही, वास तेवढा उतरतो. हे तेल त्या त्या वेळी ताजंच करा, बाहेर साठवू नका. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही बहुतेकांना चालतो. हिंग आहेच, फक्त बांधणी हिंगात मैदा असतो, सिलिॲक निघालं तर डबीवरचं वाचून घ्या.

डाळींवर सरसकट फुली मारू नका. तुमची खरी अडचण इथेच आहे, कारण अंडं नाही, मासे नाहीत, मग डाळही सोडली तर प्रथिनं येणार कुठून? मटकी, चवळी, छोले बाजूला ठेवा आणि सालं काढलेल्या मूगडाळीपासून सुरुवात करा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात मऊ शिजवा. त्रास देणारी साखर पाण्यात उतरते, म्हणून भिजवलेलं पाणी टाकणं महत्त्वाचं. एका वेळी अर्धी वाटी शिजलेलं वरण, त्याहून जास्त नको. पनीर करताना दुधातलं बरंचसं लॅक्टोज (दुधातली साखर) निवळीबरोबर निघून जातं, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यांनाही पनीर बहुधा पचतं, आणि १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दही फडक्यात टांगून केलेला चक्काही तसाच हलका पडतो. घट्ट टोफू चालतो; मऊ, रेशमी टोफू पोट फुगवतो. शेंगदाणे तर आपले हक्काचे: १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं त्याहून कमी, आणि पोटालाही सोसतात. लॅक्टोजमुक्त दूध घेतलंत तर संडासचा त्रास थांबेल, पण साखरेच्या हिशेबात ते साध्या दुधाइतकंच धरा.

कर्बोदकं कमी करताना एक गैरसमज फार दिसतो: पोळी सोडून भाकरी धरली की झालं. ४० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही २७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशभरच्या पाहणीवरचा लेख २०२५ मध्ये आला. त्यानुसार आपल्याकडे रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. एकूण प्रमाण तेच ठेवून नुसतं मैदा-तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदकं काढून त्याजागी डाळींतली, दूधदुभत्यातली प्रथिनं आणली तर मात्र फरक दिसला. म्हणजे भाकरी पोटासाठी चांगलीच, पण दोनची एक झाली पाहिजे.

माझं दुपारचं ताट सांगते. आधी दोन वाट्या भाजी: दोडका, पालक, भेंडी, किंवा पातीचा हिरवा भाग घालून केलेलं वांग्याचं भरीत. सोबत पनीर किंवा वरण, वर दोन चमचे दाण्याची नाहीतर जवसाची चटणी. हे निम्म्याहून जास्त खाऊन झालं की मग अर्धी भाकरी, आणि अगदी शेवटी लहान अर्धी वाटी भात. भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन भात-भाकरी शेवटी घेतली, तर जेवणानंतर साखर कमी उसळते. आमच्या घरी पहिला वाढपाचा भात असायचा, तो शेवटी गेल्याने घरच्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं, पण तेही रुळले. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, त्याने साखर आणि पोट दोन्हींना बरं वाटतं. सकाळी मूगडाळीचं धिरडं: डाळ रात्री भिजवायची, आलं, जिरं, कोथिंबीर घालून वाटायचं, बिडाच्या तव्यावर पातळ पसरून आत पनीर किसायचं. कडा सुटायला लागल्या की उलटायचं. एक-दोन धिरडी पुरतात.

इंटरनेटवरच्या कीटो पाककृतींपासून जपून. फ्लॉवरचा भात, बदामाच्या पिठाची पोळी, शुगर-फ्री चॉकलेट यात कर्बोदकं कमी असतील, पण आपल्यासारख्यांचं पोट त्यानेच बिघडतं. शुगर-फ्री मिठायांत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल ही साखरेऐवजी गोडी आणणारी द्रव्यं असतात, ती सरळ गॅस आणि जुलाब करतात. शिळ्या, थंड भाताने साखर कमी चढते हे खरं आहे, पण त्यातला न पचणारा स्टार्च आतड्यात आंबतो, म्हणून तो बेताने. तंतूंसाठी गव्हाचा कोंडा नको, इसबगोल घ्या: एक चमच्यापासून सुरुवात, भरपूर पाण्यासोबत. ते फारसं आंबत नाही आणि साखरही जरा हळू चढू देतं.

राहिली एकादशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पोटाला हलका, साखरेला जड. उपास मोडायची गरज नाही, ताटातलं प्रमाण उलटं करा. दाण्याची आमटी वाटीभर आणि भगर त्यात बुडेल एवढीच. खमंग काकडी दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. लाल भोपळ्याचं भरीत चक्क्यात कालवून, तुमच्याकडे चालत असेल तर पनीरचे तुकडे तुपावर परतून. खिचडी खावीशी वाटलीच तर दोन चमचे आमटीनंतर घ्या. आणि दिवसभर निरंकार राहून रात्री एकदम फराळ करण्यापेक्षा दोन वेळा थोडं थोडं खा. गोळी चालू असेल तर उपासाच्या दिवशी ती कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

गोळीचं नाव आणि कडक टप्प्यात काय सोसलं, काय नाही, हे खाली लिहिलंत तर पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक आपण मिळून ठरवू.