बोटाच्या रक्तात ९, शिरेच्या रक्तात ३

प्रश्न : माझे पती पंधरा वर्षांपासून जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. आमच्या चार वर्षांच्या मुलाच्या बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरला ९ मायक्रोग्रॅम शिसे निघाले, पंधरवड्याने शिरेतून घेतलेल्या रक्तात ३. पाय मोडल्याने पती दोन महिने घरी आहेत. त्यांचा आकडा २२ आला. यांतले खरे काय मानावे?

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाच्या बाबतीत शिरेतल्या रक्ताचा आकडा धरावा. रक्तातले शिसे निम्मे होण्यासच साधारण महिना लागतो, त्यामुळे ते पंधरा दिवसांत ९ वरून ३ वर येणे अवघड आहे. बोटावरची धूळ थेंबात मिसळली असण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच टोचण्यापूर्वी बोट साबणाने धुवावे लागते, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. पण तो ९ चा आकडा मी रद्दीत टाकणार नाही, कारण ती धूळ मुलाच्या बोटावर आली कुठून, हा प्रश्न उरतोच, आणि तेच बोट तोंडातही जाते. पतींनी कामाचे कपडे व चपला घराबाहेर ठेवाव्यात. शिशाची सुरक्षित मानावी अशी पातळी नाही. अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठी ३.५ हा दखल घेण्याचा आकडा आहे, आणि चांगल्या प्रयोगशाळेच्या मोजणीतही एकदोन मायक्रोग्रॅमचा फरक पडू शकतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा शिरेतूनच तपासणी करावी.

पतींच्या २२ चा अर्थ मात्र वेगळा आहे. प्रौढांच्या शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठलेले असते आणि तिथून ते वर्षानुवर्षे रक्तात झिरपते, तर रक्तातला आकडा मुख्यतः गेल्या काही आठवड्यांचा हिशेब सांगतो. दोन महिने दुकानापासून दूर राहूनही तो २२ असेल, तर कामावर असताना तो बहुधा याहून जास्त होता. शिवाय अंथरुणावर पडून राहिल्याने हाडे झिजतात, तेव्हा त्यांतलेही शिसे सुटते. कामावर रुजू होण्यापूर्वी व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरांना दाखवावे. शिसे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध देऊन नंतर लघवीतले शिसे मोजण्याची ‘खास’ तपासणी कोणी सुचवली, तर ती करू नये, कारण औषधाने वाढलेल्या त्या आकड्याची तुलना करायला प्रमाण मर्यादाच नाहीत.

प्रत्येक धातूला रक्ताचा निकष लागू पडत नाही. आर्सेनिक रक्तातून काही तासांतच निघून जाते, म्हणून त्यासाठी लघवी तपासतात, आणि त्याआधी तीनचार दिवस सुरमई-कोळंबी वर्ज्य करावी लागते, कारण समुद्री माशांतले निरुपद्रवी आर्सेनिकही एकूण आकडा फुगवते.