वाचकांचे प्रश्न : नव्या आवाजासह लिंकिन पार्क

प्रश्न : मी लातूरला महाविद्यालयात शिकवतो आणि शाळेत असल्यापासून लिंकिन पार्क हा अमेरिकी रॉक बँड ऐकत आलो आहे. ‘फ्रॉम झीरो’ या नव्या अल्बममध्ये नव्या गायिका एमिली आर्मस्ट्राँग यांचा आवाज दमदार आहे, हे मान्य. तरीही आधीचे गायक चेस्टर बेनिंग्टन यांच्यानंतर बँडने त्याच नावाने गाणे मला पटत नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे बुवा गेले, दुसरे उभे राहिले, पण मंडळाचे नाव कोणी बदलले नाही, असे पत्नीचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या पत्नींचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, मात्र तो येथे पूर्णपणे लागू पडत नाही. भजनात अभंग तुकोबांचा असतो आणि बुवा तो आपल्या गळ्यातून आपल्यापर्यंत पोहोचवतात. चेस्टर मात्र बऱ्याच गाण्यांत स्वतःच्याच जिवाची तगमग गात होते. त्यामुळे २० जुलै २०१७ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा केवळ एक गायक गेला असे चाहत्यांना वाटले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस येथे झालेल्या स्मरण कार्यक्रमात ‘नम्ब’ हे गाणे गाण्यासाठी मंचावर कोणालाही उभे केले नव्हते. फुलांनी सजवलेला माईक समोर होता आणि गाणे प्रेक्षकांनी म्हटले. ती जागा दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, हे बँडनेच त्या दिवशी मान्य केले होते.

असे असूनही मला ‘फ्रॉम झीरो’ हा लिंकिन पार्कचाच अल्बम वाटतो आणि त्याचे कारण गाण्यांच्या बांधणीत आहे. हा बँड पहिल्यापासून दोन आवाजांच्या बोलाचालीवर उभा आहे. माईक शिनोडा यांचा संयत, बोलल्यासारखा रॅप आणि त्याला छेद देत उसळणारा दुसरा आवाज, यांच्यातील ताण हीच त्याची ओळख आहे. त्या दृष्टीने ५ सप्टेंबर २०२४ रोजी प्रथम ऐकवलेले ‘द एम्प्टिनेस मशीन’ पुन्हा ऐकून पाहावे. पहिला अंतरा शिनोडा एकटेच गातात, पहिले ध्रुवपदही तेच गातात, आणि आता हा बँड त्यांच्या एकट्याच्या आवाजावरच चालणार की काय, असे वाटू लागते तोच दुसऱ्या अंतऱ्याला आर्मस्ट्राँग यांचा किंचित खरखरीत आवाज येतो. तो हळूच येतो आणि ध्रुवपदापर्यंत सगळे गाणे व्यापून टाकतो. सात वर्षांच्या खंडानंतर नव्या व्यक्तीची ओळख गाण्याच्या रचनेतूनच करून द्यावी, यात मला फार मोठी समज आणि जुन्या श्रोत्यांविषयीचा आदर दिसतो.

आर्मस्ट्राँग यांनी चेस्टर यांची नक्कल केलेली नाही, हेही नोंदवावेसे वाटते. ‘डेड सारा’ या स्वतःच्या बँडमध्ये त्या अनेक वर्षे गात आल्या आहेत आणि ‘ओव्हर ईच अदर’मध्ये त्यांचा तो स्वतंत्र स्वभाव स्पष्ट ऐकू येतो. चेस्टर यांचा वरचा सूर काचेसारखा स्वच्छ होता; आर्मस्ट्राँग यांच्या वरच्या सुरात खर असते, आणि ‘कॅज्युअल्टी’सारख्या आक्रमक गाण्याला ती शोभते. मला न आवडलेले गाणे म्हणजे ‘स्टेन्ड’. त्याचे ध्रुवपद फार गुळगुळीत आहे आणि शेजारच्या गाण्यांपुढे ते फिके पडते. उलट ‘टू फेस्ड’मध्ये बँडचे डीजे जो हान यांचे रेकॉर्डवरील घासकाम (स्क्रॅचिंग), जाड गिटार आणि शिनोडा यांचा रॅप एकत्र येतात, तेव्हा २००० सालचा बँडचा पहिला अल्बम ‘हायब्रीड थिअरी’ आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्याला हे नाव तरीही खटकत असेल, तर ते निष्ठेपोटीच आहे आणि त्या निष्ठेला मी चूक म्हणणार नाही. ड्रमवरचे रॉब बोर्डनही आता बँडमध्ये नाहीत, त्यांच्या जागी कॉलिन ब्रिटन आहेत; गिटारवादक ब्रॅड डेल्सन ध्वनिमुद्रणात असतात, पण दौऱ्यावर जात नाहीत. एवढे बदल होऊनही गाण्यातील ती बोलाचाल टिकून आहे, आणि माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. सुट्टीला घरी आला की ‘फ्रॉम झीरो’मधील ‘हेवी इज द क्राउन’ लावतो आणि त्यातील लांबलचक किंचाळी स्वतः काढून पाहतो. नंतर दिवसभर त्याचा घसा बसलेला असतो. ते गाणाऱ्या बाईंच्या घशाला काही होत नाही का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. २००७ सालच्या ‘गिव्हन अप’मधील चेस्टर यांची १७ सेकंदांची किंचाळी चाहत्यांत प्रसिद्ध आहे आणि आर्मस्ट्राँग यांनी ‘हेवी इज द क्राउन’मध्ये जवळपास तेवढाच दीर्घ आवाज लावला आहे, त्यामुळे मुलांना तो करून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु असा आवाज निव्वळ जोर लावून काढत नाहीत. स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. सरावलेला गायक पोटाच्या आधाराने श्वास मोजून सोडतो आणि खरखरीचा बराचसा भाग या वरच्या घड्यांच्या कंपनातून निर्माण करतो, म्हणजे खऱ्या स्वरतंतूंवरचा भार कमी राहतो. शिकलेला नसलेला मुलगा सगळी हवा एकदम ढकलतो. त्याचे खरे स्वरतंतू एकमेकांवर आदळून सुजतात आणि हे वारंवार झाल्यास त्यांवर गाठी येऊ शकतात.

त्याला गाणे ऐकण्यापासून रोखू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे. घसा दुखला किंवा बसला की त्या दिवशी आवाज लावायचा नाही आणि पाणी भरपूर प्यायचे, एवढे मात्र त्याला सांगावे. बसलेला घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मनापासून गायचे असेल, तर आधी एखाद्या जाणत्या गुरूकडे श्वासाची आणि साध्या सुरांची बैठक पक्की करावी. पुढे कोणत्याही प्रकारचे गाणे गायला ती उपयोगी पडते.

प्रश्न : ‘फ्रॉम झीरो’मध्ये अकरा गाणी आणि जेमतेम ३२ मिनिटे, हे कमी नाही का? आणि हा बँड मी कधीच ऐकलेला नाही, तर सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मला कमी वाटले नाही. ‘हायब्रीड थिअरी’सुद्धा ३८ मिनिटांच्या आतच संपतो. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या या अल्बमला मे २०२५ मध्ये तीन गाणी जोडलेली विस्तारित आवृत्तीही निघाली आहे, पण प्रथम मूळ अकरा गाणी आहेत त्याच क्रमाने, मध्ये न थांबता ऐकावीत. ‘ओव्हरफ्लो’मधील खोल, संथ ठोके फोनच्या स्पीकरवर हरवतात, म्हणून साधे का होईना, इअरफोन वापरावेत. त्यानंतर ‘हायब्रीड थिअरी’ आणि २००३ सालचा ‘मिटिओरा’ ऐकावा. चेस्टर यांचा आवाज आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकाल. तो कसा वाटला, ते आम्हाला अवश्य कळवावे.